खेळातील भय आणि इतिहासाचे इमान

भीती वाटून घेण्याची मनुष्याची हौस फार जुनी आहे. आजीने सांगितलेल्या हडळ-वेताळाच्या गोष्टींपासून नारायण धारपांच्या कादंबऱ्यांपर्यंत मराठी मनानेही ही हौस मनसोक्त भागवून घेतली आहे. गेल्या अर्धशतकात मात्र या हौसेला एक निराळे दालन खुले झाले. त्यात भयकथा कोणी सांगत नाही आणि कोणी नुसती ऐकतही नाही. चार-सहा माणसे मिळून ती घडवितात. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ प्रसिद्ध झाला. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी संगणकावर केवळ शब्दांच्या आधारे अनेकांना एकाच वेळी वावरता येईल असे एक काल्पनिक जग उभे केले. आज इंटरनेटवर निव्वळ मजकुराच्या साहाय्याने जे भूमिकाखेळ चालतात, त्यांची वंशावळ या दोन घटनांपर्यंत जाऊन पोहोचते.

या खेळाची रीत साधी आहे. एक सूत्रधार स्थळ, काळ आणि प्रसंग लिहून मांडतो. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका पत्करतो आणि ते पात्र काय बोलते, काय करते हे लिहून कळवितो. त्या कृतीचा परिणाम सूत्रधार पुन्हा शब्दांतच सांगतो. येथे चित्र नाही, संगीत नाही, अंगावर धावून येणारी सावली नाही. जे काही साधायचे ते लेखणीनेच साधावे लागते. १९८१ मध्ये सँडी पीटरसन यांनी रचलेल्या ‘कॉल ऑफ कथुल्हू’ या खेळाने भयाला १९२० च्या दशकातील जगात आणून बसविले आणि पात्राच्या मानसिक संतुलनालाच गुण देऊन ते कसे ढासळत जाते हे मोजण्याची सोय केली. तेव्हापासून ऐतिहासिक भयखेळ ही एक स्वतंत्र शाखा बनली.

परंतु या शाखेची फळे बहुधा कच्चीच राहतात. धुके, पडका वाडा, मिणमिणता दिवा आणि शेवटी एखादे पिशाच, एवढे साहित्य जमविले म्हणजे वातावरण सिद्ध झाले, असा अनेक सूत्रधारांचा समज असतो. त्यात साल १६६६ घातले काय किंवा १८६६ घातले काय, फरक फक्त पोशाखात पडतो. वस्तुतः इतिहासातील भय असे वरून शिंपडावे लागत नाही. ते त्या काळच्या परिस्थितीतच दबा धरून बसलेले असते. माणसांना काय ठाऊक होते, काय ठाऊक नव्हते, त्यांच्यापुढे कोणते पर्याय होते आणि त्या प्रत्येक पर्यायाची किंमत काय होती, एवढे नेमके मांडले तरी भुताची गरज उरत नाही.

ईमच्या वेशीवरचा बाजार

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील ईम या खेड्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १६६५ च्या उत्तरार्धात, लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले असताना, तेथून या गावच्या शिंप्याकडे कापडाचा एक गठ्ठा आला. दमट कापड वाळविणारा जॉर्ज व्हिकर्स हा कारागीर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मरण पावला. हिवाळ्यात साथ मंदावली, पण १६६६ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा भडकली. तेव्हा धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे, पदावरून दूर झालेले टॉमस स्टॅन्ले यांनी गावकऱ्यांना एका निर्णयाला राजी केले: गावाबाहेर कोणी जायचे नाही, बाहेरच्या कोणी आत यायचे नाही. चर्चचे दार बंद झाले आणि प्रार्थना उघड्या दरीत होऊ लागल्या. ज्याच्या घरी मृत्यू झाला त्याने आपल्याच शेतात वा परसात खड्डा खणायचा, असे ठरले. एलिझाबेथ हॅन्कॉक या स्त्रीने ऑगस्टमध्ये आठ दिवसांत पती आणि सहा मुले यांना स्वतःच्या हातांनी पुरले. साथ ओसरेपर्यंत, सुमारे चौदा महिन्यांत, गावातील २६० माणसे दगावली.

या काळात गाव जगले कसे, हा प्रश्न भयकथेला सहसा पडत नाही. भयाचा खरा उगम मात्र तेथेच आहे. वेशीवरच्या एका दगडाला भोके होती. त्यांत व्हिनेगर भरून गावकरी आपली नाणी टाकीत. शेजारच्या गावचे लोक धान्य व इतर जिन्नस तेथे ठेवून ती नाणी उचलून नेत. काही पुरवठा डेव्हनशायरचा अर्ल करी. देणारा आणि घेणारा यांनी एकमेकांचे तोंड न पाहता चाललेला हा बाजार होता. खेळातील पात्राला एका सकाळी त्या दगडापाशी जायला लावावे. पलीकडे कालचे धान्य ठेवलेले नाही आणि भोकातील नाणी तशीच आहेत, एवढेच त्याला दिसावे. या दोन वाक्यांत जो थरकाप आहे, तो दहा पिशाचांना उत्पन्न करता येणार नाही.

शिवाय हा इतिहास केवळ हौतात्म्याचा नाही. मॉम्पेसन यांनी आपली मुले आधीच बाहेर पाठविली होती. त्यांची पत्नी कॅथरीन मात्र गावात राहिली आणि ऑगस्ट १६६६ मध्ये मरण पावली. मार्शल हाऊ नावाचा गावकरी प्रेते पुरण्याचे काम करी आणि मोबदल्यादाखल मृताच्या घरातील चीजवस्तू उचली, असे परंपरा सांगते. ईमच्या त्यागाची उदात्त कथा पुढील शतकांत कशी रचली व सजविली गेली, हे पॅट्रिक वॉलिस या आर्थिक इतिहासकाराने २००६ मध्ये दाखवून दिले आहे. चांगल्या सूत्रधाराला ही चिकित्सा अडचणीची वाटू नये. किंबहुना संत आणि राक्षस यांच्या मधली ही माणसेच खेळाडूला खऱ्या पेचात टाकतात.

अज्ञानाचा हिशेब

ऐतिहासिक भयाचे दुसरे मर्म खेळाडू आणि पात्र यांच्या ज्ञानातील अंतरात आहे. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये सापडला तो १८९४ साली. उंदरांवरील पिसवांमार्फत तो पसरतो, हे सिमों या फ्रेंच डॉक्टरने प्रयोगाने दाखविले ते १८९८ मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कराचीत. खेळाडूला हे ठाऊक असते, पण ईमच्या शेतकऱ्याला ते ठाऊक असणे शक्य नाही. तो दूषित हवेला भितो, ईश्वरी कोपाला भितो आणि कापडाच्या घड्या निश्चिंतपणे उलगडतो. पुढे काय होणार हे जाणणाऱ्या खेळाडूने स्वतःच्या हाताने त्या घड्या उलगडाव्यात, यासारखे भयाचे दुसरे साधन नाही. म्हणूनच १६६६ च्या पात्राच्या तोंडी ‘जंतू’ किंवा ‘संसर्गाची साखळी’ असे शब्द घालणारा सूत्रधार केवळ भाषेची चूक करीत नाही. तो भयाचा झराच बुजवितो.

मृतांचे ऋण

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. जी माणसे खरोखर मेली, त्यांच्या यातनांवर करमणूक उभारण्याचा अधिकार कोणाला? हा आक्षेप उडवून लावता येणार नाही. १९९७ मध्ये ज्यूंच्या वंशसंहारावर आधारलेले एक पुस्तक अमेरिकेतील एका भूमिकाखेळासाठी निघाले, तेव्हापासून हा प्रश्न या क्षेत्रापुढे उभाच आहे. ईमला साडेतीन शतके लोटली. पण हाच खेळ उद्या कोणी मराठीत, १८९६-९७ च्या मुंबई-पुण्यात रचला तर? सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे तपासली. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याआधी १० मार्च रोजी रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या होत्या. आजही या घटना आपल्याकडे घरोघरी सांगितल्या जातात. तेथे रँडला रक्तपिपासू पिशाच बनविणे सोपे आहे, पण तसे केल्याने त्याची आणि त्याच्यामागच्या राज्ययंत्रणेची जबाबदारी नाहीशी होते. जुलूम भुताने केला, असे ठरले की माणूस सुटतो.

म्हणून काही मर्यादा सूत्रधाराने स्वतःहून पाळल्या पाहिजेत. ऐतिहासिक व्यक्ती पार्श्वभूमीत असाव्यात. खेळाडूंच्या हाती द्यायची पात्रे कल्पित असावीत. कोणते प्रसंग वर्ज्य मानायचे, हे सर्वांनी खेळापूर्वीच ठरवावे. संकटाचे खापर एखाद्या जातीवर वा धर्मावर फोडणारी त्या काळची अफवा खेळात येऊ शकते, परंतु खेळाने ती खरी ठरवू नये. आणि धान्याचा भाव, वेशीचा नियम, बातमी पोहोचायला लागणारे दिवस या गोष्टी शक्य तितक्या अचूक असाव्यात. हा तपशील पांडित्याच्या प्रदर्शनासाठी नव्हे. तो चुकला की पात्रापुढचा पेच खोटा होतो आणि पेच खोटा झाला की मृतांची दुःखे निव्वळ सजावट ठरतात.

पाठ्यपुस्तकातील साथीचे चार ओळींचे टिपण परीक्षेनंतर विस्मरणात जाते. व्हिनेगरमध्ये नाणे टाकताना ज्याचा हात, कल्पनेत का होईना, थरथरला, त्याला २६० हा आकडा पुन्हा कोरडा वाटणार नाही. खेळाने एवढे साधले तर मृतांचे ऋण थोडेतरी फिटेल. त्यासाठी भुतांची आयात करण्याचे कारण नाही. इतिहासाशी इमान राखले तरी पुरे.