घराभोवतीची मोकळी जागा : काशीचा दाखला

घर बांधावयास निघालेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो नकाशा पाहताना. जमीन स्वतःची, पैसा स्वतःचा अथवा बँकेकडून घेतलेला. आणि तरीही भूखंडाच्या पुढे, मागे, कधी दोन्ही बाजूंना काही भाग रिकामा सोडावा लागतो. या रिकाम्या पट्ट्यास नगररचनेच्या भाषेत ‘सामासिक अंतर’ म्हणतात. इंग्रजीतील ‘सेटबॅक’ हा शब्द आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. ही जागा ‘वाया गेली’ असे अनेकांना वाटते. तो समज कितपत खरा आहे, हे वाराणसीच्या उदाहरणावरून पाहू.

नियमामागील कारण

सामासिक अंतर हे शेजाऱ्याच्या खिडकीतील प्रकाशासाठी, वाऱ्यासाठी, आग लागल्यास बंबाच्या मार्गासाठी आणि उद्या रस्ता रुंद झाल्यास त्याच्या वाटेसाठी राखलेले असते. इमारत जितकी उंच, रस्ता जितका रुंद आणि भूखंड जितका मोठा, त्यानुसार हे अंतर ठरते. हिशेब साधा आहे. समजा, भूखंड 4 मीटर रुंद व 12 मीटर लांब, म्हणजे 48 चौरस मीटरचा आहे. पुढे 2 व मागे 2 मीटर सोडल्यास बांधण्यास 4 गुणिले 8, अर्थात 32 चौरस मीटर जागा उरते. एक तृतीयांश भूखंड मोकळा राहिला! लहान भूखंडावर हा भार अधिक जाणवतो. म्हणूनच बहुतेक नियमावल्यांत भूखंडाचे आकारमान पाहून अंतरे कमीअधिक केलेली असतात.

चौकाचे शहर

जुन्या काशीत, ज्या भागाला तेथील लोक ‘पक्का महाल’ म्हणतात तेथे, हा नियम शोधूनही सापडणार नाही. घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या, दारे थेट गल्लीत उघडणारी आणि गल्ली अशी की समोरून बैल आला तर माणसाने भिंतीला टेकून उभे राहावे. मग उजेड आणि वारा येतो कोठून? घराच्या पोटातील चौकातून. आज आपण जी मोकळी जागा घराबाहेर सोडतो, ती पूर्वजांनी घरात राखली होती.

या वस्तीच्या उभारणीत मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. काशीविश्वनाथाचे विद्यमान मंदिर अहल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये बांधविले. नागपूरकर भोसल्यांचा घाट आणि 1812 मध्ये नागपूर दरबाराचे श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधलेला मुन्शी घाट आजही पाहावयास मिळतो. ब्रह्माघाट व दुर्गाघाट परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदली. 1830 च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेल्या शिंदे घाटाची कथा तर बोधप्रद आहे. प्रचंड दगडी बांधकामाच्या भाराने तो खचला आणि 1937 मध्ये त्याची पुनर्बांधणी करावी लागली. नदीलगत किती आणि काय बांधावे, हा प्रश्न काशीला नवा नाही.

दोनशे मीटरची रेषा

1978 च्या महापुरात वाराणसी येथे गंगेची पातळी 73.901 मीटरवर पोहोचली होती. तेथील धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे. घाटांच्या स्वरूपाचे रक्षण आणि नदीचे हित लक्षात घेऊन उत्तर प्रदेश शासनाने 2000 मध्ये गंगातीरापासून 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई केली. पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयानेही जनहित याचिकेच्या निमित्ताने या मनाईच्या अंमलबजावणीकडे लक्ष पुरविले. हेही एक सामासिक अंतरच होय. फक्त ते एका घराचे नसून संपूर्ण शहराचे आहे.

त्याची झळ मात्र सामान्य घरमालकाला बसते. वडिलोपार्जित घराची तुळई कुजली, गच्ची गळू लागली, तरी त्याला आधी परवानगी मिळवावी लागते. दुरुस्ती आणि नवे बांधकाम यांतील सीमा पुसट असते. दुरुस्तीच्या नावाखाली मजले चढविणारे काहीजण असतात आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक अर्जदाराकडेही संशयाने पाहिले जाते. उत्तर प्रदेश नगर नियोजन व विकास अधिनियम, 1973 च्या कलम 14 अन्वये विकास क्षेत्रात परवानगीविना बांधकाम करता येत नाही आणि कलम 27 अन्वये अनधिकृत बांधकाम पाडण्याचा आदेश निघू शकतो.

कर्जदाराने काय पाहावे?

17 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेरठमधील एका प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. निवासी भूखंडावर दुकाने उभारली गेली होती. अनेक वर्षे उलटली, पैसा गुंतला, प्रशासनाने विलंब केला, तरी तेवढ्याने बेकायदा बांधकाम कायदेशीर ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. इमारत तारण घेऊन कर्ज देताना बँकांनी बांधकाम पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला पडताळूनच कर्ज मंजूर करावे, असेही निर्देश दिले.

म्हणून बँक जेव्हा मंजूर नकाशा मागते, अभियंता पाठवून मोजमाप घेते, तेव्हा ती ग्राहकाची अडवणूक समजू नये. पाडले जाऊ शकणारे घर हे बँकेसाठी कच्चे तारण असते. ग्राहकासाठी मात्र ते आयुष्यभराची पुंजी असते. घर पडले तरी हप्ते थांबत नाहीत!

घर घेण्यापूर्वी पुढील बाबी अवश्य तपासाव्यात :

• मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतील अंतरे स्वतः फीत लावून मोजावीत.
• सामासिक अंतरात जिना, खोली वा दुकान काढलेले नाही ना, ते पाहावे.
• नदी, वारसा वास्तू किंवा प्रस्तावित रस्त्याचे बंधन आहे काय, याची विकास प्राधिकरणाकडे लेखी चौकशी करावी.
• ‘पुढे दंड भरून नियमित करून देऊ’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. नियमितीकरणास मर्यादा असतात.
• नियम राज्यागणिक भिन्न असतात व बदलतात. महाराष्ट्रात डिसेंबर 2020 मध्ये एकात्मिक नियमावली आली, तर उत्तर प्रदेशाने 2025 मध्ये आपल्या उपविधी नव्याने केल्या. म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियमच पाहावा.

काशीच्या जुन्या घरात चौकाची जागा कोणी ‘वाया गेली’ म्हणत नसे. तेथे तुळस असे, मुले खेळत, उन्हाळ्यात गार वारा उतरे. आपल्या नव्या घराभोवतीच्या पट्ट्याकडेही त्याच दृष्टीने पाहावे. ती जागा शेजाऱ्याची, रस्त्याची आणि अडचणीच्या वेळी आपलीही आहे.