तंगूस किती जाड?

रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी गरी टाकणाऱ्यांचा नेहमीचा वाद म्हणजे तंगूस, गरीचा नायलॉनचा दोरा, जाड घ्यावा की बारीक. पाच-सात ग्रॅमचं खोटं आमिष लांब फेकायचं, तर बारीकच. दोऱ्याची ताकद व्यासाच्या वर्गावर ठरते, पण ताठरपणा चौथ्या घातावर. व्यास निम्मा केला की ताकद पावपट उरते, ताठरपणा मात्र सोळावा हिस्सा. जाड तंगूस रिळावरची वेटोळी सोडत नाही, हलक्या आमिषाला तो ओढवत नाही. त्यात समोरून वारा असला तर विचारूच नका.

नायलॉन पाणी शोषतो, ताणलाही जातो. पॉलिएथिलीनची विणलेली दोरी तेवढ्याच ताकदीला कितीतरी बारीक आणि जवळजवळ न ताणणारी. माशाची चाहूल थेट बोटांना कळते. पण कालवांच्या धारेवर ती पटकन कापली जाते, आणि जिताड्याच्या कल्ल्यांची झाकणं तर पात्यासारखी! म्हणून टोकाला हातभर फ्लोरोकार्बनचा दोरा बांधावा. त्याचा अपवर्तनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या वर. त्यामुळे तो कमी दिसतो म्हणतात. खाडीच्या गढूळ पाण्यात मला त्याचं फारसं कौतुक नाही, खरा उपयोग घासणं सोसण्याचा. गाठ मात्र आवळण्यापूर्वी ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तापते आणि तिथेच तुटते.