एक बेट, दोन सरकारं (७) : कोण कुणाच्या बरोबरीनं?

सांगलीच्या एका वाचक बाईंनी पत्रात नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. ‘“किमान समतुल्य संरक्षण” असं तुम्ही गेल्या वेळी लिहिलंत. पण कोण कुणाच्या तुल्य?’ या आठवड्यात ब्रेक्झिटनंतर उत्तर आयर्लंडमधल्या हक्कांची हमी देणाऱ्या कलम २ विषयी लिहायचं कबूल केलं होतं, पण ते लांबणीवर टाकतो. बाईंचा हा प्रश्न माझ्याही डोक्यात कित्येक वर्षं घर करून आहे.

उत्तर आयर्लंडमधल्या शांततेसाठीचा १० एप्रिल १९९८चा गुड फ्रायडे करार नीट वाचला, तर ही हमी एकेरी असल्याचं दिसतं. उत्तर आयर्लंडमध्ये मानवी हक्कांना जेवढं संरक्षण मिळेल, किमान तेवढं आपल्याकडेही देऊ, असं डब्लिननं, म्हणजे दक्षिणेतल्या आयर्लंड प्रजासत्ताकाच्या सरकारनं, कबूल केलं. लंडननं तशी उलट हमी दिली नाही. युरोपीय मानवी हक्क करार देशी कायद्यात आणण्याचं काम ब्रिटननं २००० साली पुरं केलं. डब्लिनचा तसा कायदा लागू झाला ३१ डिसेंबर २००३ला. अगदी वर्ष मावळता मावळता!

पण प्रत्यक्षात कोण कुणाच्या पुढं होतं, हे पाहायला आता थोडं मागं जाऊ. जानेवारी १९७६. बेलफास्टमध्ये जेफ्री डजन या कारकुनाच्या घरावर पोलिसांचा छापा पडला. वॉरंट अमली पदार्थांचं होतं, पण पोलिसांनी उचलली त्याची पत्रं आणि डायऱ्या. ठाण्यात साडेचार तास चौकशी झाली, ती त्याच्या खासगी आयुष्याची. पुरुषांमधले समलिंगी संबंध तिथं गुन्हा होते. इंग्लंडनं १९६७ साली बदललेला कायदा उत्तर आयर्लंडपर्यंत पोचलाच नव्हता. खटला भरला नाही, पण वर्षभरानं कागद परत आले तेव्हा त्यांवर कुणीतरी खुणा आणि शेरे मारून ठेवले होते. आपल्या डायरीवरचं ते परकं हस्ताक्षर वाचताना त्याला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

डजन स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला आणि १९८१ साली जिंकला. पुढच्याच वर्षी उत्तरेतला कायदा बदलला.

दक्षिणेतही तोच जुना ब्रिटिश कायदा होता. स्वतंत्र झाल्यावरही या देशानं तो जपून ठेवला होता. कादंबरीकार जॉइसचे अभ्यासक डेव्हिड नॉरिस त्याविरुद्ध लढले. १९८३ साली डब्लिनच्या सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. त्यांच्या वकील होत्या मेरी रॉबिन्सन, ज्या पुढं राष्ट्राध्यक्ष झाल्या. स्ट्रासबर्गनं १९८८ साली नॉरिसना न्याय दिला, डजनच्याच निकालाच्या आधारे. तरी कायदा बदलायला १९९३ उजाडलं. म्हणजे तेव्हा उत्तर अकरा वर्षं पुढं होती.

मग पारडं फिरलं. २०१५ला दक्षिणेनं सार्वमतानं समलिंगी विवाह मान्य केला आणि २०१८ला गर्भपातावरची घटनात्मक बंदीही उठवली. उत्तरेत मात्र दोन्ही गोष्टी अडून राहिल्या. तिथली विधानसभा तर जानेवारी २०१७ पासून ठप्पच होती. शेवटी २०१९ साली वेस्टमिन्स्टरच्या ब्रिटिश संसदेनं कायदा करून दोन्हींचा मार्ग मोकळा केला.

त्या काळात दक्षिणेचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. लिओंचा जन्म डब्लिनमधला, १९७९ सालचा. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी २०१५ साली रेडिओवर उघडपणे सांगितलं. ज्या कायद्याखाली ते गुन्हेगार ठरले असते, तो रद्द झाला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते.

तर बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : दक्षिणेनं उत्तरेच्या मागं राहू नये, एवढंच करारात लिहिलं आहे. दक्षिण पुढं गेली तर उत्तरेनं काय करायचं, याबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही. १९९८ साली हा प्रश्न उलटा पडेल, असं कुणाच्या ध्यानीमनी नसावं.

कलम २ पुढच्या आठवड्यात, नक्की.