आराखडा वाचताना : भाग ६
धावपट्टी उन्हात वाढते

गेल्या भागात रस्त्याच्या नकाशात मोऱ्या कुठे शोधायच्या ते पाहिलं. आज विमानतळ. म्हसवडच्या माणसाला हा विषय लांबचा वाटेल. पण गलाईच्या धंद्यापायी माणदेशातली माणसं देशभर पांगली आहेत, आणि आपल्याच जिल्ह्यात कराडच्या विमानतळाच्या विस्ताराचा प्रश्न वर्षानुवर्षं निघतो आहे.

कराडची धावपट्टी १२८० मीटरची. कोयना प्रकल्पाच्या कामासाठी १९५५च्या सुमारास ती झाली. सत्तर आसनांच्या विमानाला ती का पुरत नाही?

उत्तर आपल्या उन्हात आहे. तापलेली हवा विरळ होते, उंचावरची हवा मुळातच विरळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी आणि इंजिनाचा जोरही कमी, म्हणून विमानाला जास्त धावावं लागतं. त्यासाठी जगभर एक ठोकताळा वापरतात : समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला धावपट्टी ७ टक्क्यांनी वाढवायची, आणि त्या उंचीवरच्या प्रमाणित तापमानाहून जितके अंश जास्त, तितके टक्के आणखी.

हिशोब मांडू. पूर्ण वजनाचं एटीआर-७२ विमान समुद्रकाठी, १५ अंश तापमानात, साधारण १३०० मीटर मागतं. उंची ६०० मीटर धरली, की १४ टक्के वाढून १४८२. या उंचीवर प्रमाणित तापमान ११ अंश. सर्वांत उष्ण महिन्यातल्या रोजच्या कमाल तापमानाची सरासरी ३७ धरली, तर २६ टक्के आणखी : सुमारे १८७० मीटर. प्रवासी किंवा इंधन कमी घेतलं तर आखूड पट्टीवरूनही उडता येतं, पण मग रिकाम्या खुर्च्यांचं भाडं कोण भरणार, हे आधीच ठरवावं लागतं.

इथे एक नियम मोलाचा आहे. उंची आणि उष्णतेची मिळून वाढ ३५ टक्क्यांच्या वर गेली, तर ठोकताळ्यावर थांबायचं नाही, स्वतंत्र अभ्यास करायचा. आपल्या उदाहरणात ती ४४ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून आराखडा समोर आला, की पहिला प्रश्न हाच : तो अभ्यास दाखवा, आणि तापमान कुठलं धरलं ते सांगा.

दुसरा प्रश्न टोकांचा. पट्टी संपली म्हणजे जमीन संपली असं नाही. दोन्ही टोकांना ६० मीटरचा मोकळा पट्टा आणि त्यापुढे किमान ९० मीटरचं सुरक्षा क्षेत्र लागतं. शिफारस २४० मीटरची आहे. यातला कोणता आकडा घेतला, यावर कितीतरी शेतकऱ्यांचे सातबारे ठरतात.

तिसरा प्रश्न, ज्यांची जमीन जाणार नाही त्यांनी विचारायचा : आमच्या घरांना, टाक्यांना, झाडांना उंचीची मर्यादा किती?

जमीन एकदाच जाते. म्हणून हे आकडे मोजणीच्या खुणा रोवण्याआधी तपासायचे. आणि त्याला इंजिनिअरच हवा असं नाही, शाळेतलं शेकडेवारीचं गणित पुरतं.

पुढच्या भागात : टर्मिनलची इमारत आणि गर्दीचा तास.