मायना, मोर्तब आणि धमकीचे ई-मेल

आपल्या नगराजवळील देवगिरी येथे तेराव्या शतकात यादवांचा करणाधिप असलेल्या हेमाद्रीच्या नावावर पत्रलेखनाचे नियम सांगणारी 'मेस्तके' परंपरेने मोडतात. कोणास कोणत्या मायन्याने लिहावे, याचे दिग्दर्शन त्यांत असते. परंतु मायना कोणत्याही जाणत्या कारकुनास साधत असल्यामुळे पत्राचा खरेपणा तेवढ्यावर ठरत नसे. त्यासाठी मोर्तब लागे. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस उमटविलेली 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा मजकूर येथेच संपला, असे सांगते. पत्राचे रूप व पत्राचे प्रमाण या दोन भिन्न गोष्टी होत. तोतया नावाने येणाऱ्या धमकीच्या ई-मेलांचा विचार करताना हाच भेद कसा उपयोगी पडतो, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

ई-मेल वाहून नेणारी 'एसएमटीपी' ही व्यवस्था १९८२ साली निश्चित झाली. तीत प्रेषकाची ओळख पडताळण्याची सोय नव्हती. लिफाफ्यावर वाटेल ते नाव लिहावे, त्याप्रमाणे प्रेषकाच्या रकान्यात कोणताही पत्ता घालता येतो. म्हणूनच धमकीचे पत्र कधी कधी आपल्याच पत्त्यावरून आलेले दिसते. तेवढ्यावरून आपले खाते दुसऱ्याच्या ताब्यात गेले, असे सिद्ध होत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे तीन उपाय योजण्यात आले. एखाद्या डोमेनच्या वतीने कोणत्या सर्व्हरने पत्रे पाठवावीत, याची यादी म्हणजे 'एसपीएफ'. मजकुरावरील अंकीय मोर्तब म्हणजे 'डीकेआयएम'. मजकूर बदलताच ते जुळेनासे होते. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाशी निगडित असलेल्या आख्यायिकेतील 'ध'चा 'मा' अशा मोर्तबाने तत्काळ उघडा पडला असता. वाचकास दिसणारा पत्ता या दोहोंपैकी निदान एकाशी तरी जुळतो किंवा नाही, हे 'डीमार्क' पाहतो. तथापि एखादे अक्षर बदललेले डोमेन विकत घेऊन त्यावर निर्दोष मोर्तब उमटविता येते, हेही विसरता कामा नये.

आता भाषेकडे वळू. उक्ती ही कृतीही असते, आणि ती सफल होण्यास वक्त्याजवळ अधिकार असावा लागतो, हा विचार ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांमुळे आपल्या परिचयाचा आहे. धमकीचे पत्र हा अधिकार सिद्ध करीत नाही, त्याचा आभास निर्माण करते. भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या नावाने अश्लील चित्रफिती पाहिल्याचा आरोप करणारी पत्रे अनेकांना आली. पत्र सूचना कार्यालयाने ती बनावट असल्याचे जाहीर केले. २०१८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या पत्रांत वाचकाचा जुना पासवर्ड देऊन, 'तुमचे चित्रण आमच्याजवळ आहे' असे सांगून बिटकॉइनची मागणी केलेली असे. तो पासवर्ड अन्यत्र झालेल्या माहितीचोरीतून मिळालेला असे. चित्रणाचा तो पुरावा नव्हे. या पत्रांत तीन घटक वारंवार आढळतात: अधिकाराचा दावा, मुदतीची निकड आणि कोणास न सांगण्याची अट.

अशुद्ध भाषेवरून बनावट पत्र ओळखावे, हा सल्ला आम्ही भाषेचे अध्यापक देत आलो. तो आता मागे घेतला पाहिजे. यंत्रे आज निर्दोष मराठी लिहितात. शुद्धता ही मायन्याचाच भाग होय, मोर्तब नव्हे.

तेव्हा पडताळणी पत्राबाहेर करावी. मार्गदर्शकांच्या नावाने तातडीने पैसे मागितले गेल्यास पत्रातील क्रमांकावर नव्हे, तर आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर त्यांना विचारावे. धमकीस उत्तर देऊ नये, पैसे देऊ नयेत, दुवा उघडू नये. पत्र पुसून न टाकता पूर्ण शीर्षमाहितीसह जपून ठेवावे. पत्रातील पासवर्ड कोठे वापरात असल्यास तो बदलून द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. पैसे गेले असल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. एरवी राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करावी. नाव लपवून धमकी देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ नुसार गुन्हा आहे.

या पत्रांचे खरे बळ वाचकाच्या लज्जेत असते. घाबरलेला विद्यार्थी एकटा राहतो, आणि कोणास न सांगण्याची अट नेमकी त्यासाठीच घातलेली असते. म्हणून असे पत्र येताच ते सहाध्यायास किंवा अध्यापकास दाखवावे. आणि ज्यास ते दाखविले जाईल, त्याने प्रथम दोष न देता ऐकून घ्यावे.