अडगळीतला संगणक आणि आपली अक्षरे

जुन्या संगणकांचा नाद लागलेली तरुण मंडळी हल्ली बरीच आढळतात. कोणी भंगारातला संगणक उचलून पुन्हा चालू करतो, तर कोणी कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनमध्ये स्वयंसेवकांनी घडविलेली लिनिएजओएस प्रणाली घालून त्याला नवे आयुष्य देतो. वडीलधाऱ्यांना हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही; आणि त्याचे कारण बेळगाव-निपाणीच्या छापखान्यांत सापडते.

चोर्ला वा आंबोलीचा घाट चढून तिकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांना ठाऊक आहे की, त्या सीमाभागात लग्नपत्रिका, जत्रेची पत्रके आणि स्मरणिका मराठी व कन्नड अशा दोन्ही लिप्यांत निघतात. १९९० नंतर खिळ्यांची जुळणी मागे पडून संगणकीय जुळणी आली. मराठीसाठी श्रीलिपी, आकृती; कन्नडसाठी नुडी, बरह. परंतु त्या जुन्या अक्षरसंचांत एक मेख होती. पडद्यावर ‘क’ दिसला, तरी संगणकाच्या पोटात साठे तो एखाद्या रोमन अक्षराचा वा चिन्हाचा क्रमांक. अक्षरसंच हरवला की मजकुराचा नुसता पाचोळा! १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरी व कन्नड या दोहोंना स्थान मिळाले होते. पण छापखान्यांची सवय त्यानंतरही कित्येक वर्षे सुटली नाही.

१९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. त्या काळचा छापील कागद पिवळा पडला, तरी आजही वाचता येतो. २००० साली तेथेच य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले. त्या सुमारास संगणकावर जुळविलेल्या मजकुराच्या मूळ फाइली आज उघडतील, याची हमी कोण देईल? १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर आपल्याकडील दमट हवेत बुरशी चढते आणि ती वाचणारे यंत्र नव्या संगणकात मिळत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीचे वाचता यावे आणि पंचविशीतले वाचता येऊ नये, हा केवढा दैवदुर्विलास!

येथेच हे छंदिष्ट उपयोगी पडतात. दशावतारात नट जसे देवाचे सोंग घेतो, तसे एम्युलेटर नावाच्या आज्ञावलीमुळे नवा संगणक जुन्याचे सोंग घेतो. २००२ मध्ये आलेल्या डॉसबॉक्समुळे डॉसच्या काळातल्या अनेक आज्ञावल्या आजच्या संगणकावर चालतात. जुनी प्रणाली आणि तिचा अक्षरसंच असा उभा राहिला की मजकूर पुन्हा दिसू लागतो आणि तो युनिकोडमध्ये उतरवून घेता येतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. छापखान्यांनी जुने संगणक आणि फ्लॉप्या भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यांची नक्कल, अक्षरसंचासह, काढून ठेवावी. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांनी तिला आसरा द्यावा, आणि बेळगावातीलच विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी हात लावावा. यात मराठी-कन्नड असा भेद करण्याचे कारण नाही. दोन्ही भाषांवर एकच संकट आहे. आपल्याच काळात लिहिलेली अक्षरे आपल्याच डोळ्यांदेखत मुकी व्हावीत, याहून मोठी नामुष्की कोणती?