वंशावळीचा शोध आणि हातातला मोबाइल

एका घराण्याची वंशावळ एका घरात पूर्ण सापडत नाही. वतनाचे मोडी कागद एका शाखेकडे राहतात, जुने फोटो लेकींबरोबर सासरी जातात, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची सही, गाव आणि नातलगांची नावे पडून असतात. कुलवृत्तांत छापणाऱ्यांना हे सारे पत्रे धाडून, गावोगाव हिंडून जमवावे लागे. आज तोच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर बडोदा, नागपूर, न्यू जर्सीतल्या भाऊबंदांपुढे एकदम ठेवता येतो. मोबाइलचा मोठा उपयोग मला इथेच दिसतो: ज्याच्याकडे कागद आहे आणि ज्याला तो वाचता येतो, त्यांची गाठ पडते.

मॉरिशसच्या मराठी कुटुंबांचे उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात कोकणातून अनेक मजूर मुंबई बंदरातून तिकडे गेले. त्यांच्या नोंदी मॉरिशसमधल्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. मात्र परक्या कारकुनाने कानावर पडली तशी लिहिलेली गावांची नावे आज नकाशावर ओळखू येत नाहीत. त्या नोंदीचा फोटो फेसबुकवर रत्नागिरीच्या जाणकारांसमोर आला, तर मूळ गाव ओळखले जाण्याची शक्यता कितीतरी वाढते. हे काम एकट्या दफ्तरखान्याने होणारे नाही.

व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकच्या गटात काहीही खपते, प्रत्येकाला आपला पूर्वज सरदारच हवा असतो, हा आक्षेप खरा आहे. पण छापील ग्रंथातही चुका होतात, आणि त्या पुढच्या आवृत्तीपर्यंत तशाच राहतात. गटात चूक त्याच दिवशी दाखवता येते. अट एवढीच की विधानासोबत कागद हवा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरील सामाईक वंशवृक्षात बदलाचे कारण आणि आधार नोंदवण्याची सोय आहे, तसा शिरस्ता आपल्या गटांनीही पाडावा. शिवाय गप्पांच्या ओघात माहिती वाहून जाते, म्हणून पक्की ठरलेली नोंद वेगळ्या वहीत उतरलीच पाहिजे.

दुसरी भीती अधिक गंभीर आहे. हयात माणसांची जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव फसवणूक करणाऱ्यांच्या उपयोगी पडते. ती माहिती उघड्या गटात मुळीच टाकू नये. दिवंगत पूर्वजांचा शोध तिच्यावाचून अडत नाही.

जुना फोटो पाठवताना त्याची मागची बाजूही पाठवा, आणि मूळ प्रत कोणाकडे, कोणत्या गावी आहे, ते खाली लिहा.